हॉर्न बदलला म्हणून काचेची वॉरंटी जाते का?

प्रश्न: आमच्या गाडीला अडीच वर्षं झाली. कंपनीची वॉरंटी तीन वर्षांची आहे, शिवाय गाडी घेतानाच पुढच्या दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली होती. मागच्या महिन्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच खाली गेली ती वर येईना. सर्व्हिस सेंटरला नेली तर म्हणाले, मोटर गेली. मग त्यांनी बॉनेट उघडलं, आमच्या गॅरेजवाल्याने वर्षापूर्वी बसवलेला मोठ्या आवाजाचा हॉर्न बघितला आणि म्हणाले, "बाहेरून इलेक्ट्रिकल काम केलंय, वॉरंटीत होणार नाही." मी विचारलं, फक्त काचेचं की सगळ्याच गाडीचं? तर म्हणे, एक पार्ट बाहेरचा लागला की सगळी वॉरंटी संपली. तेव्हापासून घरात वाद चालू आहे. आमचे हे म्हणतात, यापुढे साधा स्क्रूसुद्धा कंपनीचाच लावायचा. मेकॅनिक म्हणतो, ब्रेक पॅड बदलायला आलेत, दुसऱ्या कंपनीचे तितकेच चांगले मिळतात. मध्ये एकदा सर्व्हिसिंग त्याच्याकडेच केलं होतं, तेव्हा ऑइल फिल्टरही त्याने बाहेरचा टाकला होता. मुलाला हेडलाइटला जास्त वॉटचे बल्ब आणि टचस्क्रीन हवी आहे. मी कुणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, आधी तुमच्या मनावरचं ओझं उतरवू या. एक पार्ट बाहेरचा लागला म्हणून सगळ्या गाडीची वॉरंटी जात नाही. त्या पार्टामुळे, किंवा तो बसवताना झालेल्या चुकीमुळे, जेवढं बिघडलं तेवढ्यापुरताच क्लेम कंपनीला नाकारता येतो. म्हणजे सर्व्हिस सेंटरने तुम्हाला दाखवायला हवं होतं ते इतकंच: हा हॉर्न, ही त्याची वायर, आणि ती इथून काचेच्या मोटरला अशी जाऊन भिडते. ते दाखवता आलं तर त्यांचं म्हणणं मान्य करावं लागेल. दाखवता आलं नाही तर काच त्यांनीच दुरुस्त करून द्यायची. तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्नही मी याच कसोटीवर बघणार आहे. बाहेरच्या पार्टाचा हात कुठल्या बिघाडापर्यंत पोचू शकतो, एवढंच दर वेळी विचारायचं.

या म्हणण्याला कायद्याचं पाठबळ आहे. अमेरिकेत १९७५ सालापासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. अमुकच ब्रँडचा पार्ट वापरा नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट त्यानुसार कंपनीला घालता येत नाही. घालायचीच असेल तर तो पार्ट फुकट द्यावा लागतो, किंवा फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी व्यापार आयोगाकडून खास सूट मिळवावी लागते. याच कलमाखाली २०१५ मध्ये या आयोगाने बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागावर कारवाई केली होती. युरोपीय संघाचे २०१० चे वाहनक्षेत्राचे स्पर्धाविषयक नियम आणि त्यांची मार्गदर्शिका त्याच दिशेच्या आहेत. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. ते प्रकरण मुख्यतः सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत या तक्रारीचं होतं, पण आदेशात वॉरंटीबद्दलही स्वच्छ लिहिलं आहे: स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतलं एवढ्यावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. त्या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या हेही खरं. तरीही तीन वेगवेगळ्या ठिकाणचे नियम एकच गोष्ट सांगतात, तेव्हा काउंटरवर बसलेल्या माणसाने तोंडी सांगितलेलं "सगळं संपलं" हे वाक्य फार गंभीरपणे घ्यायचं कारण नाही.

आता तुमची काच. इथे मी डोळे मिटून तुमची बाजू घेणार नाही, कारण हॉर्न कसा जोडला आहे हे पत्रावरून कळत नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे.

मोठे हॉर्न बसवायची नीट पद्धत अशी असते. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून थेट जाड वायर, बॅटरीच्या जवळच तिला स्वतंत्र फ्यूज, मग रिले (म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू करणारा स्विच), रिलेमधून हॉर्न, आणि चांगलं अर्थिंग. गाडीच्या मूळ हॉर्नच्या कपलरमधून, म्हणजे वायर जोडणाऱ्या प्लगमधून, फक्त रिलेला इशारा मिळतो. हॉर्नचा सगळा करंट बॅटरीतून नव्या वायरने येतो, जुन्या वायरिंगवर त्याचा भार पडत नाही. तुमच्या गाडीत काम असं झालं असेल, तर काचेच्या मोटरचा आणि त्या हॉर्नचा बॅटरीखेरीज काही संबंध उरत नाही.

कामचुकार पद्धतही सांगतो. रिले घालायचाच नाही, मूळ हॉर्नच्या बारीक वायरवरच दोन मोठे हॉर्न लटकवायचे. किंवा डॅशबोर्डखाली सापडेल त्या वायरचं इन्सुलेशन सोलून तिथून सप्लाय घ्यायचा आणि वर टेप गुंडाळायची. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत हॉर्न, काचा, सेंट्रल लॉक, दिवे यांचं नियंत्रण बॉडी कंट्रोल मॉड्यूल नावाच्या एकाच छोट्या संगणकाकडे असतं. त्याच्यावर नको तेवढा भार टाकला तर ते बिघडू शकतं, आणि मग काच बंद पडण्याचा संबंध हॉर्नशी खरोखरच जोडता येतो.

म्हणून त्यांना पहिला प्रश्न असा विचारा: नक्की काय गेलंय? काच वर न येण्याची कारणं चार-पाच असतात. स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत वायर वाकून वाकून तुटते. मोटरचे कार्बन ब्रश झिजतात. काच उचलणाऱ्या रेग्युलेटरची केबल उसवते किंवा पुलीवरून उतरते, मग मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही. आणि शेवटचं, मॉड्यूलकडून सप्लायच येत नाही. पहिली चार कारणं झिजण्याची आणि यांत्रिक मोडतोडीची आहेत. बॉनेटखालच्या हॉर्नने दारातली केबल उसवली असं कुणी म्हणणार नाही. तपासणीला वेळही फार लागत नाही. दाराचं पॅड उघडायचं, मोटरचा कपलर काढायचा, मोटरला बाहेरून थेट १२ व्होल्ट द्यायचे. फिरली नाही तर मोटर खराब. फिरली तर कपलरपाशी मीटर लावून सप्लाय येतोय का बघायचं. "मोटर गेली" हे त्यांनी असं तपासून सांगितलं असेल, तर हॉर्नला दोष देणं आणखी अवघड होतं, कारण हॉर्नने बिघडवायचंच झालं तर आधी मॉड्यूल, फ्यूज किंवा वायरिंग बिघडवलं असतं.

एक कळकळीची सूचना. घाबरून हॉर्न लगेच काढून टाकू नका. तो आणि त्याची सगळी जोडणी जशी आहे तशी दिवसाउजेडी फोटोत आणि व्हिडिओत घ्या. बॅटरीपाशी वायर कुठे लागली आहे, फ्यूज कुठे आहे, रिले आहे का, अर्थ कुठे दिलाय, सगळं. आधी काढून ठेवलात आणि मग वाद घातलात, तर लपवाछपवी केल्यासारखं दिसेल आणि तुमच्या बाजूचा पुरावाही हातचा जाईल. जोडणी चुकीची निघाली तर तेही खरं खरं सांगा. मग प्रश्न राहील तो फक्त त्या चुकीने झालेल्या नुकसानीचा. इंजिन, गिअरबॉक्स, एसी, स्टीअरिंग या सगळ्यांची वॉरंटी तेव्हाही शाबूत असेल.

आता ब्रेक पॅड. तुमच्या घरातल्या वादात सर्वात सोपा मुद्दा हाच, कारण इथे गमावण्यासारखं फार थोडं आहे. झिजणाऱ्या वस्तू, म्हणजे ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर, क्लच प्लेट, बल्ब, बहुतेक वॉरंट्यांत मुळातच धरलेल्या नसतात, किंवा धरल्या तरी अगदी थोड्या काळासाठी. कंपनीचे पॅड लावले तरी ते झिजल्यावर कंपनी फुकट बदलून देणार नाहीच. दुसऱ्या कंपनीचे लावले तर त्या पॅडचा हात पोचतो तो पॅड जिला घासतो त्या डिस्कपर्यंत, फार तर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत. निकृष्ट पॅडने डिस्क खरवडली तर ती डिस्क वॉरंटीत मिळणार नाही, आणि ते रास्तच आहे.

पण वॉरंटीपेक्षा ब्रेक ही मोठी गोष्ट आहे, म्हणून निवड नीट करा. बाजारात पार्ट साधारण चार प्रकारचे असतात. गाडीच्या कंपनीच्या डब्यातले, ज्यांना आपण कंपनीचे म्हणतो. दुसरे, कारखान्याला पार्ट पुरवणाऱ्या निर्मात्याने स्वतःच्या नावाच्या डब्यात विकलेले. गाडीची कंपनी सगळं स्वतः बनवत नाही, ब्रेक, फिल्टर, सेन्सर, बेअरिंग हे बॉश, माहले, डेन्सो, व्हॅलिओ यांच्यासारखे निर्माते पुरवतात. तिसरे, कारखान्याला न पुरवणाऱ्या पण स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांचे. यांत उत्तमही असतात आणि सुमारही. चौथे डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा खोटा डबा. माझ्या मते दुसरा प्रकार सर्वात शहाणपणाचा, तिसरा पारखून घेण्याचा, आणि चौथ्याला गाडीजवळ फिरकूही देऊ नये. "बाहेरचा पार्ट" म्हणताना लोक तिसरा आणि चौथा एकत्र करतात, तिथेच गल्लत होते. डुप्लिकेट माल बहुधा कंपनीच्याच नावाच्या डब्यात येतो, त्यामुळे "आम्ही ओरिजिनलच लावतो" म्हणणारेही त्यात फसतात. डबा कुणाच्या नावाचा आहे याहून तो कुणाकडून घेतला आणि बिलावर पार्ट नंबर आहे का, याला जास्त महत्त्व आहे.

पॅड हातात घेऊन बघता येतात. पाठीच्या लोखंडी पट्टीवर किंवा कडेला निर्मात्याचं नाव, बॅच नंबर आणि बऱ्याचदा एफएफ, जीजी अशी दोन अक्षरांची जोडी छापलेली असते. ती घर्षणाची खूण आहे. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो, घाटात उतरताना हे जाणवतं. जुन्या पॅडवरची अक्षरं बघून त्याच जोडीचे घेतलेले बरे. काही डब्यांवर वर्तुळातला ई आणि आर ९० असा उल्लेख असतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा तो नियम आहे, त्यात बदली पॅडचा परिणाम मूळ पॅडच्या १५ टक्के आत-बाहेर राहिला पाहिजे अशी चाचणी असते. ही खूण दिसली तर बिनधास्त घ्या. कसलीच खूण नसलेला, निर्मात्याचं नाव नसलेला पॅड कितीही स्वस्त मिळाला तरी परत करा. आणि पॅड एका चाकाचे बदलायचे नसतात, त्या एक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

ऑइल फिल्टरबद्दल मात्र मी तुमच्या मेकॅनिकपेक्षा जास्त काटेकोर आहे. वस्तू छोटी आहे, पण तिचा हात थेट इंजिनापर्यंत पोचतो, आणि वॉरंटीतला सर्वात महागडा क्लेम इंजिनाचाच. फिल्टर बाहेरून सारखे दिसतात, आटेही सारखे बसतात. आत फरक असतो. आत एक बायपास व्हॉल्व्ह असतो. फिल्टरचा कागद चोंदला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं तर तो ठरावीक दाबाला उघडतो आणि ऑइलला वाट करून देतो, म्हणजे इंजिन कोरडं राहत नाही. तो वेळेआधी उघडला तर न गाळलेलं ऑइल फिरतं, उशिरा उघडला तर ऑइल पोचत नाही. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या फिल्टरमध्ये ऑइल परत खाली वाहून जाऊ नये म्हणून एक रबरी पडदा असतो. तो कडक झाला की सकाळी गाडी सुरू केल्यावर काही क्षण खडखड ऐकू येते. फिल्टर बदलताना जुन्या फिल्टरचं रबरी वॉशर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि त्यावरच नवा आवळला, तर तिथून सगळं ऑइल गळून जाऊ शकतं. या शेवटच्या प्रकारात फिल्टर कंपनीचा असो की बाहेरचा, चूक हाताची असते.

तुमच्या गाडीत एकदा बाहेरचा फिल्टर लागला, त्याने काही बिघडलं नाही, तर काळजी करू नका. त्याचं बिल मात्र शोधून ठेवा. नावाजलेल्या निर्मात्याचा, तुमच्या मॉडेलसाठीच्या पार्ट नंबरचा फिल्टर असेल आणि ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचं असेल, तर इंजिनाचा क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरत नाही. ऑइलच्या बाबतीत पुस्तिका दोन गोष्टी मागते. एक म्हणजे ग्रेड, जसं ५डब्ल्यू-३०, आणि दुसरी म्हणजे दर्जाची खूण, जसं एपीआय एसपी किंवा एसीईए सी३. लोक पहिली बघतात आणि दुसरी विसरतात. गाडी डिझेल असेल आणि सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा पार्टिक्युलेट फिल्टर असेल तर दुसरी फारच महत्त्वाची, कारण चुकीच्या ऑइलमधल्या धातूंच्या घटकांची राख त्या फिल्टरमध्ये साचत जाते. काजळी जळून जाते, ही राख जळत नाही. अशा वेळी फिल्टर चोंदल्याचा क्लेम कंपनीने नाकारला तर त्यांचं चूक म्हणता येणार नाही. बाहेर सर्व्हिसिंग केलं तर बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचं पूर्ण नाव आणि फिल्टरचा पार्ट नंबर लिहून घ्या. "ऑइल चेंज" एवढंच लिहिलेल्या बिलाचा वादात काही उपयोग होत नाही.

मुलाच्या बल्बच्या मागणीला माझं उत्तर नाही असंच आहे. तुमच्या गाडीत नेहमीचे एच४ बल्ब असतील तर ते ६०/५५ वॉटचे असतात, म्हणजे लांबच्या झोताला ६० आणि जवळच्या झोताला ५५. बाजारात त्याच आकाराचे १००/९० चे मिळतात. हिशोब करू. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टला ५ अँपिअर ओढतो, १०० वॉटचा ८.३ अँपिअर. वायर आणि होल्डरमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट पावणेदोन पटीच्या आतच वाढला तरी उष्णता जवळजवळ पावणेतीन पट. होल्डर पिवळा पडतो, मग वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा जातो. फ्यूज उडायला लागला की कुणीतरी जास्त अँपिअरचा फ्यूज घालतं, आणि मग आग लागायची तयारी पूर्ण होते. इथे बाहेरच्या वस्तूपासून बिघाडापर्यंतची वाट अगदी सरळ आहे. हेडलाइटच्या वायरिंगचा क्लेम नाकारला तर तुमच्याकडे बोलायला काही राहणार नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातले तर करंट कमी लागतो हे खरं, पण तो रिफ्लेक्टर फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. प्रकाशाचा उगम जरा हलला की झोत वर फाकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. रात्री कमी दिसतं अशी त्याची खरी तक्रार असेल तर हेडलाइटची काच पिवळी पडली आहे का बघा, पॉलिश करून घ्या, झोताची उंची लावून घ्या आणि त्याच वॉटचे चांगल्या निर्मात्याचे नवे बल्ब लावा. जुने बल्ब काळवंडून अंधूक होतात, नव्या जोडीने फरक लगेच कळतो.

टचस्क्रीन घ्या, मला काही हरकत दिसत नाही. अट एकच: एकही वायर कापायची नाही. जवळजवळ प्रत्येक मॉडेलसाठी तयार हार्नेस मिळतो, एका टोकाला गाडीचा मूळ कपलर बसतो आणि दुसऱ्या टोकाला नवी स्क्रीन. काम करणाऱ्याने पक्कड काढून वायर सोलायला घेतली की त्याला थांबवा. कपलरला कपलर जोडलेला असला की उद्या स्क्रीन काढून जुना स्टिरिओ दहा मिनिटांत परत बसतो. मागच्या कॅमेऱ्याचा सप्लाय रिव्हर्सच्या दिव्यावरून घेतात, तिथेही टोचून घेण्याऐवजी अ‍ॅडॉप्टर वापरायला सांगा. स्टीअरिंगजवळ पिवळे कपलर किंवा पिवळी नळी दिसली तर ती एअरबॅगची वायरिंग असते, तिला कुणी हातही लावायचा नाही. आणि स्क्रीन बसवल्यावर चार-पाच दिवसांनी बॅटरी उतरायला लागली, तर स्क्रीन गाडी बंद असतानाही करंट खात असते. तो दोष आधी काढून घ्या, नाहीतर बॅटरीच्या वॉरंटीवर वाद होईल.

एअरबॅगचा विषय निघालाच आहे तर, तुम्ही विचारलं नसलं तरी, सीट कव्हरबद्दल सांगतो. काही गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या पाठीतच असते आणि शिवण फाडून बाहेर येते. सीटच्या कडेला तशी पट्टी शिवलेली दिसते. अशा सीटवर साधं घट्ट कव्हर चढवलं तर अपघाताच्या वेळी एअरबॅग अडकू शकते किंवा भलत्या दिशेला फुगू शकते. त्यासाठी कडेला मोकळी किंवा मुद्दाम कच्ची शिवण ठेवलेली कव्हरं मिळतात. इथे वॉरंटीचा विचार दुय्यम आहे, बसणाऱ्या माणसाचा जीव आधी.

टायर मोठे लावायचा, स्प्रिंग बदलून गाडी उंच करायचा किंवा इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचा विचार पुढे कधी कुणाच्या डोक्यात आला, तर वॉरंटी असेपर्यंत तो बाजूला ठेवा. १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/६५ आर १५ लावला तर चाकाचा व्यास चार टक्क्यांहून जास्त वाढतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ वर असते, आणि बेअरिंग, सस्पेन्शन, गिअरबॉक्स सगळ्यांवर ताण येतो. सॉफ्टवेअर बदललेलं तर लपतही नाही. ते किती वेळा लिहिलं गेलं याची नोंद कित्येक गाड्यांच्या संगणकात राहते, मूळ सॉफ्टवेअर परत घातलं तरी. या बदलांचा हात इतक्या ठिकाणी पोचतो की कंपनीला संबंध दाखवायला कष्ट पडत नाहीत.

आता तुमच्या एक्स्टेंडेड वॉरंटीकडे वळू, कारण इथे मी वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लागू होईलच असं नाही. ही वेगळी कागदपत्रं आणि वेगळा करार असतो, कधी कधी गाडीच्या कंपनीऐवजी विमा कंपनीशी केलेला. त्यात बऱ्याचदा सगळी सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच आणि ठरलेल्या किलोमीटरच्या आत केलेली असावी अशी अट असते. तुमची मधली एक सर्व्हिस बाहेर झाली आहे, म्हणून ते पुस्तक आजच काढा. "काय धरलेलं नाही" हा भाग सावकाश वाचा, बदल, वाढीव जोडणी आणि अनधिकृत दुरुस्ती या शब्दांपाशी थांबून वाचा. काही करारांत लिहिलेलं असतं की अट मोडली तर त्या संबंधित भागापुरतंच संरक्षण जाईल, काहींत संपूर्ण करार रद्द होईल असं असतं. दुसऱ्या प्रकारचं वाक्य सापडलं तर त्यांना पत्र लिहून करार चालू आहे की नाही हे विचारा, आणि नसेल तर उरलेल्या काळाचे पैसे परत मागा.

सर्व्हिस सेंटरशी तोंडी वाद घालू नका, त्यातून काही हाती लागत नाही. जॉब कार्डवर काचेची तक्रार तारखेसह नोंदवून घ्या आणि ईमेलने साधारण असं लिहा: "माझ्या गाडीच्या चालक बाजूच्या काचेचा वॉरंटी क्लेम आपण नाकारला आहे. कृपया लेखी कळवा: कोणता भाग निकामी झाला, तो कसा तपासला, वॉरंटी पुस्तिकेतील कोणत्या अटीखाली क्लेम नाकारला, आणि हॉर्नच्या जोडणीमुळे तो भाग कसा बिघडला. तपासणीचे फोटो सोबत जोडावेत. काढलेला भाग मला दाखवल्याशिवाय टाकून देऊ नये." गाडीचा नंबर आणि चासी नंबर घाला, एक प्रत कंपनीच्या ग्राहक सेवेला पाठवा. लेखी कारण मागितलं की पुष्कळ क्लेम तिथेच मंजूर होतात, कारण "बाहेरचा हॉर्न आहे" एवढं वाक्य कागदावर लिहून खाली सही करायला कुणी तयार होत नाही. तरीही नाकारलं, तर हॉर्नची जोडणी न केलेल्या एखाद्या दुसऱ्या जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून तपासून लेखी अहवाल घ्या आणि तो जोडून ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जा.

मोटर त्यांनी दिली नाहीच आणि तुम्हाला पावसापायी काच लगेच दुरुस्त करून घ्यावी लागली, तर पैसे भरताना बिलावर "वॉरंटी क्लेमचा हक्क राखून" असं लिहून सही करा आणि जुनी मोटर घरी घेऊन या.

मूळ वॉरंटी संपायला सहा महिने आहेत. तक्रार कधी नोंदवली याला महत्त्व असतं, म्हणून ही मुदत वाया घालवू नका. या सहातल्या पाचव्या महिन्यात एकदा गाडी पूर्ण तपासून घ्या. सस्पेन्शनचा आवाज, एसीचा गारवा, स्टीअरिंगमधला खडखडाट, गिअर पडताना होणारी अडचण, ऑइल किंवा कूलंट कुठे पाझरतंय का, जे जे खटकतं ते सगळं जॉब कार्डवर एकेका ओळीत लिहून घ्या आणि त्याची प्रत हातात घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. लिहून घेतलेली तक्रार मुदतीनंतर पुन्हा उद्भवली तर ती मुदतीतली होती हे तुम्हाला दाखवता येतं.